हलगी कुणी वाजवायची?

मी पत्रकं लिहिते. कॉलेज संपल्यापासून सोलापुरात मिरवणुकांतल्या आवाजाविरुद्ध काम करणाऱ्या एका छोट्या समितीत आहे, आणि समितीचं प्रत्येक पत्रक माझ्या हातचं असतं. दिवाळी अंकासाठी जरा निवांत लिहा, असं मला सांगण्यात आलंय. प्रयत्न करते, पण सवय वेगळी आहे. पत्रक वाचणारा माणूस उभा असतो, त्याच्या हातात भाजीची पिशवी असते आणि पुढच्या कोपऱ्यावर तो कागदाचा बोळा करणार असतो. तेवढ्या अंतरात त्याला काय ते सांगायचं. वर एक प्रश्न, खाली तीन मागण्या. चौथी लिहिली की तो पहिली विसरतो.

आधी काम काय असतं ते सांगते, कारण बहुतेकांना वाटतं आम्ही रस्त्यावर उभं राहून कानावर हात ठेवतो. आमच्याकडं आवाज मोजायचं मीटर असतं. टीव्हीच्या रिमोटएवढं, डोक्यावर स्पंजचा काळा गोळा. तो गोळा पाहून लोकांना तो माईक वाटतो, आणि कुठल्या चॅनेलच्या म्हणून विचारून पोरं केस सारखे करतात. मीटर ठरावीक अंतरावर धरायचं, आकडा, वेळ आणि जागा लिहायची, आणि अर्जाला जोडून पोलीस चौकीत द्यायची. आकड्याची एक गोम आहे. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाज थोडासा वाढला असं नसतं, त्याची ताकद दहापट झालेली असते. हे मी अध्यक्षांना सांगते, उपाध्यक्षांना सांगते, खजिनदारांना सांगते. ते मान डोलावतात आणि म्हणतात, मॅडम, एकच दिवस असतो.

एकच दिवस. हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. गणपतीचा एकच दिवस, जयंतीचा एकच दिवस, वरातीचा एकच दिवस, पुढाऱ्याच्या वाढदिवसाचाही एकच दिवस. असे एकेक दिवस मोजले तर वर्ष संपतं.

पूर्व भागातल्या एका मंडळाचे अध्यक्ष आठवतात. विणकर घरातले, माणूस गोड, चहा घेतल्याशिवाय सोडायचे नाहीत. मी अर्ज घेऊन गेले तेव्हा त्यांची आई घरात दिसली नाही, म्हणून अम्मा कुठं गेल्या असं विचारलं. तिला धडधडतं, म्हणून दहा दिवस होटगीला बहिणीकडं पाठवलंय, असं ते म्हणाले. कशानं धडधडतं, असं मी विचारल्यावर ते हसले आणि चहात बघत बसले. देव घरी येणार म्हणून आई घराबाहेर. त्यांनी सही केली, पण भिंत काही काढली नाही. स्पीकरचे खोके एकावर एक रचतात त्याला आम्ही भिंत म्हणतो. ते म्हणाले, शेजारच्या मंडळानं जेवढे खोके लावलेत त्याच्यापेक्षा एक तरी जास्त लागतो. यात मला त्यांचं खोटं वाटलं नाही. आवाज जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंत आपलं मंडळ, असा तो हिशेब आहे. त्यात गाणं कोणतं, याला फारसं महत्त्व नाही.

सभांतून मी हेच बोलायचे. संगीत नुसतं ऐकायची वस्तू नाही. ती माणसांनी मिळून करायची गोष्ट आहे, आणि कोण कुठं उभं राहतं यावरून ते कसलं संगीत हे ओळखावं. भजनात एक जण ओळ सांगतो आणि बाकीचे उचलतात, म्हणजे प्रत्येकाला तोंड उघडावंच लागतं. लेझमीत शेजारच्याकडं लक्ष नसेल तर त्याचा मार बसतो. हलगीभोवती रिंगण होतं आणि रिंगणात सगळे एकमेकांचं तोंड पाहतात. भिंतीपुढं मात्र सगळे भिंतीकडं तोंड करून उभे. हे मी हातवारे करून सांगायचे. लोक टाळ्या वाजवायचे, आणि मला आवडायचं.

यातूनच पत्रकातली दुसरी मागणी आली: पारंपरिक वाद्यं वाजवा. नुसतं बंद करा म्हणणाऱ्याला लोक विचारतात, मग करायचं काय? त्याला हे उत्तर होतं, आणि तेही असं की पोलिसांपासून मंडळांपर्यंत कुणी नाही म्हणत नव्हतं. जिथं कुणीच नाही म्हणत नाही तिथं काहीतरी राहून गेलेलं असतं, एवढी अक्कल पत्रकं लिहिणाऱ्या बाईला असायला हवी होती.

मी सांगतेय त्या वर्षी गुलाबी कागद घेतला आणि पहिल्यांदाच पत्रकावर फोटो टाकला. फोटो माझाच. दोन वर्षांपूर्वी अक्कलकोटकडून येताना होटगीच्या अलीकडं रस्त्याकडेला एका लग्नाची वरात चालली होती. पुढं एक म्हातारा हलगी वाजवत होता. खांद्यावरून पट्टा, एका हातात बारीक काडी, दुसऱ्या हातात जाड टिपरू, मान मागं टाकलेली आणि डोळे मिटलेले. मी गाडी थांबवून मोबाइलवर फोटो काढला आणि निघाले. नाव विचारलं नाही. पत्रकावर त्याच्याखाली छापलं: हा आपला वारसा. याला परत आणा.

मंडळाच्या दारात पाय ठेवला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: परवानगी दाखवा. मंडपाची परवानगी, स्पीकरची परवानगी, रस्ता अडवल्याची परवानगी. आणि त्या माणसाचं तोंड दहा दिशांना वाटताना त्याची परवानगी घ्यावी, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

गणपती बसल्यावर सहाव्या दिवशी सकाळी समितीच्या खोलीत एक बाई आल्या. साधारण चाळिशीच्या, कडक इस्त्रीची साडी, हातात शाळेची पिशवी आणि आमचं गुलाबी पत्रक. त्यांनी नाव सांगितलं सुजाता, एका हायस्कुलात विज्ञान शिकवतात. मी खुर्ची दिली. त्यांनी बसायच्या आधीच पत्रक टेबलावर ठेवलं आणि फोटोवर बोट टेकवलं.

"हे माझे वडील."

मला आनंद झाला. खरंच झाला. मी म्हटलं, वा, मग त्यांना भेटायला हवं. सुजाताबाईंनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की शाळेत गृहपाठ विसरल्यासारखं वाटलं. मग बसून त्यांनी झालेलं सगळं सांगितलं.

त्यांच्या वडिलांना सगळे लक्ष्मणअण्णा म्हणतात. होटगीजवळच्या गावातलं मातंग घर. तरुणपणी गावकीची हलगी त्यांच्याकडं होती, मग रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आता लेकीकडं राहतात, जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. त्या सोसायटीत आमचं पत्रक मी स्वतः वाटलं होतं. शिक्षक, बँकवाले, कचेरीतले लोक, सगळे आमच्या बाजूचे, प्रत्येक अर्जावर सह्या करणारे. त्यांनी फोटो ओळखला. सोसायटीच्या बैठकीत सेक्रेटरी वसंतरावांनी पत्रक उंच धरून जाहीर केलं, की यंदाही आपल्याकडं डीजे नाही, आपला वारसा आपल्याच इमारतीत राहतो आणि विसर्जनाला लक्ष्मणअण्णा हलगी वाजवतील. टाळ्या पडल्या. फळ्यावर यादी लागली. आरती कुणाकडं, प्रसाद कुणाकडं, हलगी अण्णांकडं. दुसऱ्या दिवशी जिन्यात एका बाईनं सुजाताबाईंना विचारलं, आमच्या मुलाचं लग्न आहे माघात, तेव्हाही पाठवाल ना वडिलांना?

"सात वर्षं राहतोय आम्ही तिथं," सुजाताबाई म्हणाल्या. "सात वर्षं मी सायन्सची मॅडम होते आणि ते रेल्वेतले अण्णा होते. तुमच्या एका कागदानं आम्ही पुन्हा वाजवणारे झालो."

मी बचावाला उभी राहिले. म्हटलं, लोक मान देतायत, हलगी ही कला आहे, त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. पत्रकातलीच वाक्यं होती, पाठ होती.

"कला आहे ना? आपला वारसा ना?" त्या म्हणाल्या. "तुमच्या घरात कोण वाजवतं?"

मी केम गावची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, चुलते शेतीत. आमच्या घरातलं एकही लग्न हलगीशिवाय झालं नाही, आणि आमच्या घरातल्या एकाही माणसानं हलगी हातात धरली नाही. वाजवणारे यायचे, गोठ्यापाशी काटक्या पेटवून कातडं शेकायचे, वाजवायचे, आणि पंगती उठल्यावर त्यांचं जेवण तिथंच गोठ्यापाशी जायचं. मी लहान असताना त्या ठेक्यावर इतकी नाचलेय की तो आजही पायात आहे. त्या माणसांतल्या एकाचंही नाव मला माहीत नाही. कधी माहीत नव्हतं.

हे मी त्यांना सांगितलं नाही. घरात कुणी वाजवत नाही, एवढंच म्हटलं.

सुजाताबाई मग शांतपणे बोलल्या, वर्गात बोलतात तसं. मुलं डीजेपुढं का नाचतात ते तुमच्या पत्रकात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. भिंतीपुढं नाचणाऱ्याला तू कुणाचा असं कुणी विचारत नाही. हलगी हातात घेतली की अख्खं गाव ओळखतं. त्यांच्या भावकीतल्या पोरांनी हलगी टाकली ती काही आवाजासाठी टाकली नाही. आणि मग खरं काम त्यांनी सांगितलं. अण्णांनी गावाहून हलगी मागवली होती. घरात कुणाशी बोलत नव्हते, जेवण कमी झालं होतं, पण पुतण्याला फोन करून त्यांनी हलगी घेऊन यायला सांगितलं होतं.

"त्यांना वाजवायचं असेल," मी म्हटलं.

"त्यांना सांगितलंय म्हणून. सांगितलं की जायचं, ही सवय आहे. रेल्वेत इतकी वर्षं काढली तरी गेली नाही ती. विसर्जनाला चार दिवस आहेत. एकदा त्या दारापुढं त्यांनी वाजवली की मरेपर्यंत तिथं ते वाजवणारे राहतील. तुम्ही छापलंय, तुम्ही निस्तरा."

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. अण्णा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. उंच, वाळलेले, पांढरा सदरा. मी समोर बसून माफी मागितली. माफी मागण्याची मला सवय नाही, त्यामुळं ती फार लांबली. अण्णांनी मध्येच हातानं थांबवलं आणि सुजाताबाईंना चहा ठेवायला सांगितलं.

मग ते आपणहून बोलायला लागले. गावात कसं असायचं ते सांगितलं. सण असो, लग्न असो, कुणी मेलेलं असो, आदल्या दिवशी निरोप यायचा की उद्या ये. ये, एवढंच. अंगात ताप असला तरी ये. घरात त्यांचं स्वतःचं मूल आजारी असतानाही एकदा पाटलाच्या दारात वाजवायला उभे होते. रेल्वेत लागल्यावर पहिल्या महिन्यात त्यांना चैन पडायचं नाही, हात रिकामे वाटायचे. मग रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकायचं काम आलं. हातोडी मारली की आवाजावरून कळायचं, कुठली चावी बसलीय आणि कुठली ढिली आहे. साहेबाला नंतर कळायचं, यांना आधी. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला.

"तितं बी हुकूमच हुता की," ते म्हणाले. "पर तितं हुकूम सगळ्यास्नी हुता. यकट्याला न्हवता."

मी विचारलं, मग हलगीची लाज वाटते का?

त्यांनी दोन्ही तळवे समोर धरून पाहिले. मग म्हणाले, "वाजवायची लाज न्हाय मला, ताई. सांगून वाजवायची लाज हाय. तुमी फोटू काढला न्हवं, ते पुतण्याचं लगीन. त्या दिशी मला कुणीच सांगितलं न्हवतं. माझं मन झालं, म्या घेतली. आक्ख्या जल्मात त्यो यक दिवस."

तो एकच दिवस मी उचलला होता आणि छापून वाटला होता.

आता काय करू, असं मी विचारलं तेव्हा ते हसले. "तुमी काय करनार. छापलंय की." आणि थोड्या वेळानं, कपबशी खाली ठेवून, "जमलं तर सांगा त्या लोकांस्नी. म्या मान हलवून बसलोय. माझ्यानं आता न्हाय म्हणवत न्हाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आरतीनंतर मी दहा मिनिटं मागून घेतली. मी भिंतवाल्या मंडळांसमोर बोललेय, गाडीची हवा सोडलेली सहन केलीय, पण इथं बोलणं त्याहून अवघड होतं. समोर सगळी आपली माणसं. हसून बघणारी. अण्णा शेवटच्या रांगेत होते. फोटो विचारल्याशिवाय छापला, चूक माझी, उरलेली पत्रकं मी मागं घेतलीयत, असं सांगितलं. मग फळ्यावरच्या यादीकडं बोट केलं. आरती, प्रसाद, रांगोळी, या प्रत्येक नावाला तुम्ही आधी विचारलं. अण्णांना विचारलंत का?

वसंतराव दुखावले. बँकेत आयुष्य गेलेला सरळ माणूस, आवाज कधी चढत नाही. ते म्हणाले की आम्ही अण्णांना मान दिला.

"मान दिलात की काम दिलंत?" मी म्हटलं.

 माघात मुलाचं लग्न असलेल्या बाईंनी विचारलं, मग हलगी वाजवायची कुणी? मी म्हटलं, तुम्ही. आपला वारसा आहे ना, मग आपण वाजवूया, मीही शिकते. त्यावर सगळे हसले. त्यांना ती गंमत वाटली. कुणाला कसं येणार, तीन दिवसांत कुठं शिकायचं, हात दुखतात. मी म्हटलं, येत नसेल तर नका वाजवू, टाळ्या वाजवा.

"मॅडम," वसंतराव म्हणाले, "तुम्ही म्हणालात डीजे नको, आम्ही बंद केला. म्हणालात हलगी आणा, आम्ही आणली. आता हलगी नको. पुढच्या वर्षी टाळ्यांचं मीटर घेऊन याल."

मोठा हशा झाला आणि मीही हसले, कारण ते बरोबरच बोलत होते. मग कुणीतरी म्हणालं, अण्णा, तुम्हीच सांगा ना. अण्णा उभे राहिले. फरशीकडं बघत म्हणाले, ताई म्हणतात तसंच. आणि बसले.

ते मला लागलं. आधी मी त्यांचं तोंड न विचारता छापलं, आता त्यांचं तोंड न विचारता चालवलं. ते काय म्हणतात हे त्या पार्किंगमध्ये कुणालाच कळलं नाही. वसंतरावांच्या सांगण्याच्या जागी माझं सांगणं आलं होतं, एवढाच फरक.

फळ्यावरची ओळ पुसली गेली. आणि रागारागानं ठरलं की साउंडचा टेम्पो आणायचा. कुणाच्या तरी मेहुण्याचा होता. जी सोसायटी आम्ही दरवर्षी उदाहरण म्हणून सांगायचो तिथं डीजे आला, तो माझ्या भाषणामुळं. समितीतल्या मंडळींनी मला जे ऐकवलं ते दिवाळी अंकात बसणार नाही. एकांनी विचारलं, मग आपण लोकांना पर्याय काय द्यायचा? मी म्हटलं, दुसऱ्याच्या खांद्यावरचा पर्याय द्यायचा नाही. त्या दिवसापासून आमच्या पत्रकातली दुसरी मागणी बदलली. आता तिथं लिहिलेलं असतं: वाजवायचं तर स्वतः वाजवा, दुसऱ्यानं वाजवावं असं वाटत असेल तर त्याला विचारा आणि त्याचं नाही ऐकून घ्या. ओळ लांब आहे, पिशवीवाला माणूस पूर्ण वाचत नाही. तरी ती राहील. आणि फोटो पुन्हा छापलेला नाही.

अनंत चतुर्दशीला दुपारी चार वाजता मी मीटर घेऊन सोसायटीच्या फाटकाशी उभी होते. आपल्या माणसांच्या दारात मीटर काढायचं नाही असा नियम असता तर मी हे काम केलंच नसतं. टेम्पोवर दोन मोठे खोके, मागं जनरेटर. पहिलं गाणं लागलं आणि समोरच्या खिडक्यांची तावदानं थरथरायला लागली. आकडा बघितला. सरळ टेम्पोपाशी गेले आणि ऑपरेटरला मीटर दाखवून आवाज कमी करायला सांगितलं. तो वसंतरावांकडं बघायला लागला. वसंतरावांच्या कपाळाला गुलाल, टोपी वाकडी. माझ्या कानाशी येऊन ओरडले, आम्ही तुमचे सह्यावाले ना? मी ओरडून सांगितलं, म्हणूनच आधी तुमच्याकडं आले, नाहीतर सरळ चौकीत गेले असते. त्यांनी कपाळाला हात लावला आणि ऑपरेटरला खूण केली. आवाज खाली आला. आणखी खाली. आकडा मर्यादेत येईपर्यंत मी हललेच नाही. माझं काम मला येतं, आणि त्या दिवशी ते झालं.

आवाज उतरल्यावर बाकीचं ऐकू यायला लागलं. झांजा वाजवणाऱ्या बायका, जनरेटरची घरघर, कुणाच्या तरी चपलेचा पट्टा तुटला त्यावरचं हसणं. आणि मग मला अण्णा दिसले. गर्दीच्या मधोमध, नवा सदरा, डोक्यावर गुलाल. नाचत होते. म्हणजे नाचायचा प्रयत्न करत होते. ज्या माणसानं गावाची गावं नाचवली त्याला नाचता येत नव्हतं, कारण मिरवणुकीत हात मोकळे असण्याची ही त्याची पहिलीच वेळ होती. हात वर जायचे आणि काय करायचं ते न कळून परत कमरेशी यायचे. सुजाताबाई त्यांचे हात धरून वर करत होत्या आणि दोघं हसत होते. आजूबाजूचे लोक जागा करून देत होते, जशी कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला देतात.

चौकाच्या अलीकडं टेम्पो थांबला. ऑपरेटर पेनड्राइव्ह बदलत होता. तेवढ्यात सोसायटीच्या फाटकाकडून अण्णांचा पुतण्या आला, बायकोला घेऊन, मोटारसायकलवर. त्याला आधीच्या निरोपानंतर दुसरा निरोप कुणी दिलाच नव्हता. त्याच्या खांद्याला धोतराच्या फडक्यात बांधलेली हलगी होती.

सगळ्यांनी ती पाहिली. गोल आकार फडक्यात लपत नाही. वसंतरावांनीही पाहिली आणि ते अण्णांच्या दिशेनं निघाले. मी पुढं झाले, बोलायला तोंडही उघडलं. सुजाताबाईंनी माझं कोपर घट्ट धरलं.

"तुम्ही थांबा," त्या म्हणाल्या. "बास झालं तुमचं."

वसंतराव अण्णांपुढं उभे राहिले. टोपी सरळ केली.  मग हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, हलगी आलीय. वाजवाल का? मनात असेल तरच."

अण्णांनी हलगीकडं पाहिलं. पुतण्यानं फडक्याची गाठ सोडली होती, कातडं दिसत होतं. अण्णांचा उजवा हात किंचित हलला. त्यांना घाम आला होता, श्वास लागला होता.  ऑपरेटरही हातातला पेनड्राइव्ह तसाच धरून बघत राहिला होता.

"न्हाय," अण्णा म्हणाले.

"बरं," वसंतराव म्हणाले, आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

 कुणी समजूत काढली नाही, कुणी कारण विचारलं नाही. अण्णांनी दोन्ही बाजूंना बघितलं, जणू कुठून तरी हुकूम येईल म्हणून. काही आलं नाही. त्यांनी पुतण्याला हलगी बांधून ठेवायला सांगितली, सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं, आणि टेम्पोवरच्या ऑपरेटरकडं बघून हात उंच केला.

"ए, लाव की फुडचं."